मागच्या दिव्याचा माग

मोटारीच्या काही दिव्यांची तक्रार मालकाला आपोआप कळते. हेडलाइट गेला की समोर अंधार होतो. इंडिकेटरचा बल्ब उडाला की डॅशबोर्डवरची टिकटिक घाईत वाजू लागते. रिव्हर्स लाइटचं तसं नाही. मागचा गिअर टाकल्यावरच तो पेटतो, तोही चालकाच्या पाठीमागे, आणि त्या दहा-पंधरा सेकंदांत चालकाचं सगळं लक्ष आरशात असतं. त्यामुळे हा दिवा महिनोन्महिने बंद राहतो आणि मालकाच्या लेखी गाडी ठणठणीत असते. दिव्याची उणीव भासते ती दुसऱ्यांना: मागे थांबलेल्या स्कूटरवाल्याला, गल्लीत खेळणाऱ्या पोरांना, रात्रपाळीला पायी निघालेल्या माणसाला. ज्यांना गाडीच्या दुरुस्तीत काही म्हणायचा अधिकार नाही, त्यांच्यासाठीच हा दिवा बसवलेला आहे. म्हणून तो बंद पडला तर नीट शोधून दुरुस्त करावा, 'नंतर बघू' म्हणून सोडू नये, असं मला मनापासून वाटतं.

सुरतेत तर ते जास्तच वाटतं. उधना, लिंबायत, नवागाम, डिंडोली, पांडेसरा या भागांत फिरताना मराठी कानावर पडत राहतं, आणि त्या मराठीला बहुतेक वेळा अहिराणीचा हेल असतो. जळगाव, धुळे, नंदुरबारकडून ताप्ती व्हॅली रेल्वेच्या मार्गाने आलेली ही वस्ती. यंत्रमाग, डाइंग-प्रिंटिंगच्या गिरण्या, रिंगरोडवरचे कापडबाजार यांत हिच्या पिढ्या खपल्या. महापालिकेच्या मराठी माध्यमाच्या शाळा इथे आहेत. घरं भिंतीला भिंत लावून, गल्ल्या अरुंद, आणि पुष्कळ गल्ल्यांचं एक तोंड बंद. गेल्या काही वर्षांत याच दारांपुढे छोट्या गाड्या आल्या, बऱ्याच जुन्या बाजारातून घेतलेल्या, बऱ्याच सीएनजीवर चालणाऱ्या. अशा गल्लीत गाडी सरळ आत जाते आणि उलटी बाहेर निघते. वळायला जागाच नसते.

शिवाय इथे माग आहेत. कारखान्यात बारा-बारा तासांच्या पाळ्या चालतात आणि त्यांचा खटखटाट गल्लीपर्यंत येतो. त्या आवाजात वर्षं काढलेल्या माणसाचे कान मंदावतात, हा या धंद्याचा जुना आजार आहे. पाळी सुटल्यावर घराकडे चालणाऱ्या माणसाला मागे येणाऱ्या गाडीचं इंजिन ऐकू येईल, रिव्हर्सचा पीं-पीं आवाज ऐकू येईल, असं धरून चालता येत नाही. त्याला कळेल ते उजेडावरून. भिंतीवर अचानक पडलेला पांढरा उजेड त्याला बाजूला व्हायला सांगतो.

हा उजेड पांढराच का, यालाही अर्थ आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ नुसार गाडीच्या मागे लाल सोडून दुसऱ्या रंगाचा दिवा दाखवता येत नाही. जे मोजके अपवाद आहेत त्यांत इंडिकेटरचा पिवळा, नंबर प्लेटवरचा मंद पांढरा आणि मागे येतानाचा पांढरा हे येतात. म्हणजे गाडीच्या पाठीवर झगझगीत पांढरं दिसलं की त्याचा एकच अर्थ: ही गाडी माझ्या दिशेने येते आहे. चालकाला मागचा रस्ता दाखवणं आणि मागच्याला चालकाचा इरादा सांगणं, अशी दोन कामं एकाच बल्बकडे आहेत. अमेरिकेतल्या विल्स सेंट क्लेअर या मोटारीला १९२१ साली हा दिवा प्रथम लागला असं मानलं जातं. शंभर वर्षांत गाड्या ओळखू येणार नाहीत इतक्या बदलल्या, पण साध्या गिअरच्या गाडीत या दिव्याची रचना फारशी बदललेली नाही. त्यामुळेच त्याचा दोष शोधणं सामान्य माणसाच्या आवाक्यात आहे.

उधन्यात ऑटो इलेक्ट्रिशियनची छोटी दुकानं रांगेने दिसतात. एका शटरएवढी जागा, भिंतीवर वायरींची भेंडोळी, बाकावर उघडलेला अल्टरनेटर, आणि गाडी मात्र रस्त्यावर उभी. अशाच एका दुकानापुढे मी एक काम सुरुवातीपासून शेवटपर्यंत पाहिलं. सीएनजीची छोटी हॅचबॅक होती. मालकाची तक्रार होती कॅमेऱ्याची: मागचा गिअर टाकला तरी स्क्रीनवर चित्र येत नाही. नवा कॅमेरा घ्यावा लागेल असं त्याला कुणीतरी सांगितलं होतं. वायरमन, मूळचा धुळ्याकडचा, कॅमेऱ्याकडे गेलाच नाही. त्याने मालकाला चावी फिरवायला लावली, इंजिन बंदच ठेवायला सांगितलं, हँडब्रेक ओढायला लावला, मागचा गिअर टाकायला सांगितला आणि स्वतः गाडीच्या मागे जाऊन उभा राहिला. दोन्ही रिव्हर्स लाइट बंद होते.

हे पाहण्यात अर्धं निदान होतं. बाजारातून घेऊन बसवलेल्या कॅमेऱ्याला आणि स्क्रीनला 'आता गाडी मागे जाते आहे' ही खबर बहुधा रिव्हर्स लाइटच्या वायरीवरूनच मिळते. दिव्याला करंट आला की कॅमेराही जागा होतो. दिवाच पेटत नसेल तर कॅमेरा बदलून काय उपयोग? या मालकाचे कॅमेऱ्याचे पैसे एका मिनिटात वाचले.

पुढचा प्रश्न, एक दिवा गेला आहे की दोन्ही? हा प्रश्न फार मोलाचा आहे. एकच गेला असेल तर दोष त्या बाजूलाच असतो: बल्ब, होल्डर, नाहीतर त्या दिव्याची अर्थिंग. दोन्ही एकदम गेले असतील तर दोन्ही बल्ब एकाच दिवशी उडण्याची शक्यता थोडी, म्हणून दोष दोघांच्या सामाईक वाटेवर शोधायचा. इथे एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. काही गाड्यांना कारखान्यातूनच एका बाजूला रिव्हर्स लाइट आणि दुसऱ्या बाजूला मागचा फॉग लाइट दिलेला असतो. त्यांच्यात एकच पांढरा दिवा पेटणं हा दोष नव्हे. आपल्या गाडीत किती दिवे आहेत हे पुस्तिकेत पाहिलेलं बरं.

ही सामाईक वाट समजली की बाकीचं काम सोपं होतं. बॅटरीतून करंट निघतो, चावीच्या स्विचमधून फ्यूजपर्यंत येतो. चावी फिरवल्याशिवाय हा दिवा पेटत नाही तो यामुळे. फ्यूजमधून एक वायर बोनेटखाली गिअरबॉक्सकडे जाते. गिअरबॉक्सच्या अंगावर, मोठ्या बोल्टसारखा दिसणारा एक स्विच आट्यांनी घट्ट बसवलेला असतो. त्याचं टोक गिअरबॉक्सच्या आत असतं आणि त्या टोकाला एक छोटी दांडी किंवा गोळी असते. मागचा गिअर टाकला की आतला शाफ्ट सरकून ती दाबतो, स्विचमधले दोन संपर्क जुळतात, आणि करंट दुसऱ्या वायरीने गाडीच्या मागे जातो. तिथे ती वायर डावीउजवीकडे फुटते, दोन्ही बल्बांतून जाते आणि गाडीच्या पत्र्यावाटे बॅटरीच्या निगेटिव्हला परत येते. एवढंच सर्किट. यात ना कॉम्प्युटर, ना सेन्सर. (ऑटोमॅटिक आणि एएमटी गाड्यांत व्यवस्था वेगळी असते, ती इथे बाजूला ठेवतो. नव्या काही साध्या गिअरच्या गाड्यांतही स्विचचा निरोप आधी बॉडी कंट्रोल मॉड्यूलकडे जातो आणि दिवे ते मॉड्यूल पेटवतं. तिथे स्कॅनर लावून 'रिव्हर्स स्विच चालू' असं दिसतं का, हे आधी पाहावं लागतं.)

वायरमनने प्रथम फ्यूज पाहिला. रिव्हर्स लाइटला बहुधा दहा अँपिअरचा, लाल रंगाचा पातीचा फ्यूज असतो, आणि पुष्कळदा तो एकट्या रिव्हर्स लाइटचा नसतो. मीटर किंवा इंडिकेटर असं आणखी काही त्याच्यावर चालतं. म्हणून 'याच्याबरोबर आणखी काय बंद पडलंय?' हा प्रश्न विचारला की फ्यूजचा अंदाज झाकण न उघडताही येतो. कोणत्या जागी काय ते फ्यूजबॉक्सच्या झाकणावर छापलेलं असतं. फ्यूज उडाला असेल तर तेवढ्याच अँपिअरचा नवा घालावा. तोही लगेच उडाला तर वायर कुठेतरी सोलून पत्र्याला टेकली आहे. अशा वेळी लालच्या जागी निळा पंधराचा किंवा पिवळा विसाचा घालणं म्हणजे फ्यूजऐवजी वायर जळू देणं. हे करणारे लोक मी पाहिले आहेत, आणि या एका गोष्टीबद्दल मला राग येतो. आग लागण्यासाठी याहून जास्त काही लागत नाही.

या गाडीत फ्यूज चांगला होता. मग बल्ब. बहुतेक गाड्यांत रिव्हर्सला २१ वॅटचा, एका तारेचा बल्ब असतो. काहींत पितळी टोपी नसलेला, नुसत्या काचेच्या चपट्या बुडाचा १६ वॅटचा असतो. दिसायला तसाच, पण दोन तारांचा बल्ब ब्रेक आणि टेल लाइटला लागतो. त्याच्या बुडाशी दोन टिकल्या असतात आणि बाजूच्या दोन पिना वरखाली असतात. एका तारेच्या बल्बला बुडाशी एक टिकली, आणि पिना समोरासमोर एकाच उंचीवर. चुकीचा बल्ब होल्डरमध्ये जोर लावून कोंबलेला मी पाहिला आहे. त्यातून होल्डर तुटतो, आणि एकाऐवजी दोन दोष होतात. इथे दोन्ही बल्बांच्या तारा शाबूत होत्या. होल्डरही काळे पडलेले नव्हते.

आता कामाचा मुख्य भाग आला. गिअरबॉक्सवरच्या स्विचला दोन वायरींचा एक कपलर असतो. वायरमनने बोनेट उघडून, एअर फिल्टरचा डबा बाजूला करून तो कपलर काढला, आणि वायरीच्या बाजूच्या त्याच्या दोन टोकांत, मधे फ्यूज घातलेल्या वायरीच्या तुकड्याने जोड दिला. दुकानांच्या बोलीत याला 'डायरेक्ट करणं' म्हणतात. स्विचचं काम ही वायर करते. चावी चालू असताना दिवे पेटले तर बाकीची सगळी वाट ठीक आणि दोष स्विचमध्ये. नाही पेटले तर स्विच सोडा, वाट तपासा. त्यासाठी टेस्ट लॅम्प घ्यायचा, त्याचं एक टोक पत्र्याला लावायचं आणि दुसरं कपलरच्या एकेका टोकाला. कुठेच उजेड आला नाही तर दोष फ्यूजकडून येणाऱ्या वाटेत, एका टोकावर आला तर तिथून मागे जाणाऱ्या वायरीत. सर्किटला मधोमध कापून पाहण्याची ही युक्ती आहे. ज्या मेकॅनिकला ही सवय आहे त्याला अंदाजाने सुटे भाग बदलत बसावं लागत नाही.

डायरेक्ट केल्यावर दिवे पेटले. पण मंद, जणू बॅटरी उतरली आहे. इथे घाई करणाऱ्याने स्विच बदलून पैसे घेतले असते आणि तेही खोटं ठरलं नसतं, कारण स्विच खराब होताच. वायरमन मात्र मंद उजेडाकडे पाहून थांबला. त्याने मालकाला सांगितलं की स्विच बदलावा लागेल, पण तेवढ्याने काम होणार नाही, अजून काहीतरी आहे. मग तो डिकी उघडून आत वाकला.

या मंदपणामागचा हिशेब सांगण्यासारखा आहे. २१ वॅटचा बल्ब १२ व्होल्टवर सुमारे पावणेदोन अँपिअर घेतो. दोन बल्बांचे साडेतीन. पेटलेल्या एका बल्बचा रोध साधारण सात ओहम, दोन्ही मिळून साडेतीनच्या जवळपास. वाटेत कुठे गंजलेल्या जोडाने फक्त एक ओहमचा अडथळा आणला, तरी बल्बांपर्यंत नऊ व्होल्टच्या आसपासच पोहोचतात. आणि तारेच्या बल्बचा उजेड व्होल्टच्या प्रमाणात कमी होत नाही, त्याहून खूप वेगाने पडतो. व्होल्टचा पाव हिस्सा गेला की निम्म्याहून जास्त उजेड गेला.

गंमत अशी की हाच जोड मल्टिमीटरला दिसत नाही. दोन्ही बल्ब काढून रिकाम्या होल्डरमध्ये मीटरच्या सळया टेकवल्या तर मीटर पूर्ण १२ व्होल्ट दाखवतो. मीटर स्वतः जवळपास काहीच करंट ओढत नाही. करंट वाहत नसेल तर गंजलेल्या जोडापाशी व्होल्ट पडत नाहीत. मग माणूस म्हणतो, करंट तर बरोबर येतोय, आणि बल्ब बदलतो, होल्डर बदलतो, आणि दिवा मंद तो मंदच. म्हणून जुने वायरमन स्वस्त मीटरपेक्षा टेस्ट लॅम्पवर विश्वास ठेवतात. दिवा करंट ओढतो, आणि वाट खराब असेल तर स्वतः मंद होऊन ते सांगतो. मीटरच वापरायचा असेल तर बल्ब जागेवर, पेटलेला ठेवून मोजावं. अर्थिंग तपासताना एक सळई होल्डरच्या अर्थवर, दुसरी बॅटरीच्या निगेटिव्हवर ठेवावी. दिवा चालू असताना आकडा शून्याच्या जवळ हवा. अर्धा-एक व्होल्ट दिसला तर पत्र्याकडे जाणारा स्क्रू काढून, गंज घासून, पुन्हा घट्ट करावा. काही वेळा संपूर्ण दुरुस्ती एवढीच असते.

डिकीत सापडलं ते असं. कॅमेरा बसवताना रिव्हर्सची वायर मधोमध कापली होती, तिची दोन टोकं आणि कॅमेऱ्याची वायर अशी तिन्ही एकत्र पिळून वर काळी टेप गुंडाळली होती. टेप सुटलेली, आत तांब्याला हिरवी बुरशी. दोन्ही दिव्यांचा सगळा करंट या पिळातून जात होता. सीएनजीच्या गाड्यांत टाकी डिकीत असते. सामान तिच्याभोवती कोंबलं जातं आणि असे जोड खेचले जातात. वायरमनने पीळ कापून टाकला, वायरी सोलून सोल्डर केल्या आणि वर आकसणारी नळी चढवली. पंधरा मिनिटांचं काम. पहिल्या वेळी हे असंच केलं असतं तर ही गाडी या दुकानात आलीच नसती.

हॅचबॅकमध्ये आणखी एक जागा पाहण्यासारखी असते. दिवा डिकीच्या झाकणावर असेल तर वायरी बिजागरीजवळच्या रबराच्या नळीतून झाकणात जातात. झाकण हजारो वेळा उघडतं-मिटतं आणि वायर बाहेरून धड दिसत असूनही आतून तुटते. झाकण वरखाली करताना दिवा लागला-विझला तर ती नळी सोलून पाहावी.

सुरतेत बुरशीचं कारण बहुतेक वेळा पाणी असतं. समुद्र जवळ, हवा दमट, आणि पावसाळ्यात खाड्या वर येतात. मिठी खाडी फुगली की लिंबायतमध्ये, पर्वत पाटियाकडे गाड्यांच्या दारापर्यंत पाणी चढल्याचे प्रसंग पुन्हा पुन्हा आले आहेत. ऑगस्ट २००६ मध्ये तर उकाई धरणातून नऊ लाख क्युसेकच्या आसपास पाणी सुटलं आणि तापीने शहराचा बहुतांश भाग बुडवला. पुराच्या पाण्यात राहिलेली गाडी बाहेरून धुऊन, सीट वाळवून विकता येते. कपलरच्या आत शिरलेला गाळ मात्र राहतो आणि महिन्यांनी, वर्षांनी एकेक दिवा घेऊन जातो. जुनी गाडी घेताना मागच्या दिव्याचा एक कपलर उघडून आतला रंग पाहावा. हिरवा-पांढरा थर दिसला तर विक्रेत्याला पावसाळ्याबद्दल विचारावं.

आता स्विच. तो काढायचा तर इंजिन आणि सायलेन्सर थंड हवेत. गाडीखाली शिरावं लागत असेल तर नुसत्या जॅकच्या भरवशावर कधीही जाऊ नये. खाली पक्के स्टँड हवेत, चाकांना अडसर हवा. काही गाड्यांत हा स्विच वरून, बॅटरीचा ट्रे काढून हाताला लागतो. त्याच गिअरबॉक्सवर त्याच्यासारखाच दिसणारा न्यूट्रलचा स्विचही असू शकतो, म्हणून सोडवण्याआधी वायरींचे रंग पाहून खात्री करावी. स्विच तेलाच्या पातळीच्या खाली असेल तर काढताच गिअर ऑइल येतं. खाली भांडं ठेवावं आणि नंतर पातळी पुस्तिकेप्रमाणे भरावी. स्विचखालचा वॉशर नवा घालावा. गिअरबॉक्सचं कवच ॲल्युमिनियमचं असतं, म्हणून नवा स्विच आधी हाताने पूर्ण बसवावा आणि शेवटी तेवढाच पाना लावावा. आटे गेले तर काही शे रुपयांचं काम हजारांत जातं.

काढलेला स्विच वायरमनने मालकाच्या हातात दिला. मीटरच्या सळया त्याच्या दोन टोकांना लावल्या आणि त्याला दांडी दाबायला सांगितली. मीटर गप्प. नव्याची दांडी दाबली, मीटर वाजला, सोडली, थांबला. नवा स्विच बसवण्याआधी अशी परीक्षा करण्याला दहा सेकंद लागतात आणि ती जवळपास कुणीच करत नाही. ग्राहकाला हे स्वतः करून बघू देणारा कारागीर मला मोठा वाटला. पैसे कशाचे घेतले हे त्या माणसाला कुणी समजावून सांगावं लागलं नाही, त्याने ते बोटाने तपासलं.

स्विच पूर्ण मरण्याआधी खूणही देतो. मागचा गिअर टाकल्यावर दिवा लागत नाही, पण लिव्हर जरा त्याच दिशेला दाबून धरली की लागतो. हे स्विचची दांडी झिजल्याचं लक्षण. पण कधी दोष स्विचमध्ये नसून लिव्हरच्या केबलमध्ये किंवा तिच्या बुशमध्ये असतो. गिअर पूर्ण आत जात नाही, म्हणून शाफ्ट दांडीपर्यंत पोहोचत नाही. गिअर टाकताना आधीपासूनच अडखळत असेल तर आधी केबलचं समायोजन पाहावं. याउलट, दिवा सारखा पेटलेलाच राहत असेल तर दांडी आत अडकली आहे किंवा दोन वायरी कुठेतरी एकमेकींना टेकल्या आहेत. कपलर काढल्यावर दिवा विझला तर स्विच दोषी. सतत पेटलेला पांढरा दिवा बंद दिव्याइतकाच वाईट. मागच्या चालकाला वाटतं गाडी उलटी येतेय, आणि एकदा हा इशारा खोटा ठरला की पुढच्या वेळी तो खऱ्या इशाऱ्याकडेही बघत नाही.

१ जुलै २०१९ पासून भारतात नव्या प्रवासी मोटारींना मागचे पार्किंग सेन्सर सक्तीचे झाले. त्यामुळे नव्या गाड्यांचे मालक या दिव्याकडे आणखी कमी बघतात. सेन्सर वाजतो, काय हवं? पण सेन्सर चालकाशी बोलतो, मागच्या माणसाशी नाही. गल्लीतल्या बाईला, मुलाला, पाळी सुटलेल्या कामगाराला गाडीच्या आतला आवाज ऐकू जात नाही. सेन्सर आले म्हणून दिव्याचं काम संपलेलं नाही.

नुसता उजेड वाढवावा म्हणून काही जण इथे झगझगीत एलईडी बसवतात. चांगल्या दर्जाचा, गाडीच्या परावर्तकाला शोभणारा असेल तर गोष्ट वेगळी. बाजारातला स्वस्त प्रकार मात्र मागच्याच्या डोळ्यांत जातो आणि रस्ता नीट उजळत नाही. शिवाय काही गाड्यांच्या बल्ब तपासणाऱ्या यंत्रणेला एलईडीचा थोडा करंट म्हणजे बल्ब उडाला असं वाटतं. एलईडीला प्लस-मायनसची दिशाही असते. उलटा बसला तर तो पेटत नाही आणि माणूस फ्यूज शोधत फिरतो. साध्या २१ वॅटच्या बल्बाला, चांगल्या वायरीवर, या कामासाठी काही कमी पडत नाही.

उधन्याच्या या दुकानांत काम करणारे पुष्कळ जण शिकले ते कुणाच्या तरी हाताखाली, वायर धरायला उभे राहून. वर्गात नव्हे. म्हणून काही जण अंदाजाने सुटे भाग बदलत राहतात आणि काही जण सर्किट डोक्यात धरून चालतात. दोघांचं बिल सारखंच दिसतं. फरक ओळखायचा एक मार्ग मला ठाऊक आहे: काम हातात घेतल्यावर तो आधी काय बघतो. गाडीमागे जाऊन दिवे पाहतो, एक गेलाय की दोन हे विचारतो, फ्यूज बघतो, स्विच डायरेक्ट करून बघतो, तर त्याच्या हाती गाडी द्यावी. तपासायच्या आधीच सुट्या भागाचं नाव सांगतो, तर दुसऱ्या शटरकडे जावं.

दिवाळीला याच गल्ल्यांतून गाड्या खानदेशाकडे निघतात. बारडोली, व्यारा, सोनगड, मग नवापूर, जिथलं रेल्वे स्टेशन अर्धं गुजरातेत आणि अर्धं महाराष्ट्रात आहे, आणि पुढे कोंडाईबारीचा घाट चढून साक्री, धुळे. डिकी काठोकाठ भरलेली, गावात पोचायला रात्र, आणि गावातही बोळ अरुंद, अंगणात कुणी ना कुणी झोपलेलं किंवा पोरं फटाके उडवत असलेली. निघण्याच्या आदल्या संध्याकाळी अंधार पडल्यावर गाडी भिंतीला पाठ करून उभी करावी, हँडब्रेक ओढावा, इंजिन बंद ठेवून चावी फिरवावी आणि मागचा गिअर टाकावा. आरशात भिंतीवर दोन सारखे पांढरे ठसे (गाडीला एकच रिव्हर्स लाइट असेल तर एक) दिसले पाहिजेत. लिव्हर थोडी हलवावी, ते लुकलुकता कामा नयेत. मग सामान भरावं, आणि भरून झाल्यावर पुन्हा एकदा बघावं, कारण टाकीशेजारी कोंबलेली बॅगच बहुतेक वेळा वायर खेचते. डॅशबोर्डच्या खणात एकवीस वॅटचा एक बल्ब, दहाचे दोन फ्यूज आणि दोन्ही टोकांना क्लिप असलेला, मधे फ्यूज घातलेला वायरीचा तुकडा ठेवावा. एवढ्या सामानात साक्रीच्या पेट्रोल पंपावरही दोष कुठे आहे ते शोधता येतं.